लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम : सक्तीपेक्षा गोडी मोलाची

वजन कमी करणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षात शरीर झपाट्याने हलके होते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. कमी झालेले वजन टिकवणे, स्नायू व हाडे शाबूत ठेवणे आणि दैनंदिन कामे दमछाक न होता करणे यासाठी नियमित शारीरिक हालचाल आवश्यक असते. मात्र ज्या व्यायामाचा कंटाळा येतो तो फार काळ चालत नाही. म्हणूनच शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने 'किती व्यायाम करावा' यासोबत 'कोणता व्यायाम मनापासून आवडेल' हा प्रश्नही विचारावा. मध्य प्रदेशातील जबलपूर शहराच्या उदाहरणातून या प्रश्नाची काही व्यवहार्य उत्तरे मिळतात.

वाढता प्रश्न, वाढत्या शस्त्रक्रिया

२०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे अथवा लठ्ठ आहेत. आहारनियंत्रण आणि औषधोपचारांनी गुण न आलेल्या तीव्र लठ्ठपणासाठी शस्त्रक्रियेचा पर्याय आता मोठ्या शहरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. नितीन गडकरी यांच्यावर २०११ मध्ये, तर अरुण जेटली यांच्यावर २०१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाल्यानंतर तिची चर्चा सामान्य घरांतही होऊ लागली.

भारतात प्रामुख्याने दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया केल्या जातात. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी ठेवली जाते. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराची लहान पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडली जाते. दोन्हींत अन्न कमी मावते आणि भुकेशी निगडित संप्रेरकांमध्येही बदल होतात. शस्त्रक्रिया कोणासाठी, याचे निकषही बदलले आहेत. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार आशियाई व्यक्तींच्या बाबतीत बीएमआय, म्हणजेच उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक, २७.५ किंवा त्याहून अधिक असल्यास या पर्यायाचा विचार करता येतो.

शस्त्रक्रिया काय साधते, व्यायाम काय साधतो

शस्त्रक्रियेनंतर घटणाऱ्या वजनाचे मुख्य श्रेय शस्त्रक्रियेला आणि आहाराला जाते. व्यायामाने त्यात पडणारी भर मर्यादित असते. निरनिराळ्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले असता ही भर सरासरी सुमारे दोन किलोंची आढळली आहे. हा आकडा पाहून अनेकांचा हिरमोड होतो. व्यायामाचे मोजमाप वजनकाट्यावर केल्याने हा गैरसमज निर्माण होतो.

व्यायामाचे खरे काम वेगळे आहे. झपाट्याने वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. घटलेल्या वजनातील साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग चरबीखेरीज इतर ऊतींचा, मुख्यतः स्नायूंचा असू शकतो. बायपासनंतर हाडांची घनताही कमी होते. नियमित व्यायामाने हृदय व फुप्फुसांची क्षमता वाढते, स्नायूंची ताकद टिकते आणि हाडांची झीज मंदावते. जमिनीवरून हात न टेकता उठता येणे, दोन मजले न थांबता चढता येणे, नातवाला कडेवर घेता येणे, ही त्याची फळे आहेत. ती काट्यावर दिसत नाहीत.

दुसरा मुद्दा वजन टिकवण्याचा आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या प्रदीर्घ अभ्यासात बायपास झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. लाभ मोठाच होता, पण काही वजन परत आले होते. दहा वर्षे चालणारी सवय मनावर दगड ठेवून जपता येत नाही, तिच्यात रस वाटावा लागतो.

नावड कोठून येते

लठ्ठ व्यक्ती आळशी असते हा समज अन्यायकारक आहे. शाळेच्या मैदानावर झालेली चेष्टा, कवायतीत सर्वांत मागे राहिल्याची लाज आणि व्यायामशाळेतील रोखलेल्या नजरा यांमुळे अनेकांच्या मनात व्यायाम म्हणजे शिक्षा असे समीकरण पक्के झालेले असते. भारी शरीर हलवण्यास अधिक श्रम लागतात, गुडघे दुखतात, मांड्यांचे घर्षण होते. साहजिकच हालचालीची आठवण वेदनेशी जोडलेली राहते.

शस्त्रक्रियेनंतर हे चित्र बदलते. गुडघ्याच्या संधिवातावरील एका परिचित अभ्यासानुसार शरीराचे एक किलो वजन कमी झाले, की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. पंधरा किलो वजन उतरलेल्या व्यक्तीच्या गुडघ्याला हा फरक तत्काळ जाणवतो. पूर्वी नकोसा वाटणारा व्यायाम आता जमू शकतो, किंबहुना आवडूही शकतो. त्यामुळे 'मला व्यायाम आवडत नाही' हा जुना निर्णय नव्या शरीरासाठी एकदा तपासून पाहणे योग्य ठरते.

पहिले तीन महिने

व्यायामाची सुरुवात रुग्णालयातच होते. शस्त्रक्रियेनंतर काही तासांत रुग्णाला उठवून चालवले जाते. पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये, हा त्यामागील हेतू असतो. घरी आल्यावर पाच ते दहा मिनिटांचे चालणे दिवसातून तीन-चार वेळा, आणि दर आठवड्याला त्यात थोडी वाढ, हा सर्वसाधारण क्रम होय.

पहिले चार ते सहा आठवडे जड वस्तू उचलू नयेत. पाण्याने भरलेली बादली किंवा गव्हाचे पोते हेही त्यात आले. जखमा पूर्ण भरून शल्यचिकित्सकांनी परवानगी देईपर्यंत पोहणे टाळावे. ताकदीचे व्यायाम साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनंतर सुरू होतात. पोटाच्या स्नायूंवर ताण देणाऱ्या व्यायामांसाठी त्याहून अधिक थांबावे लागते. प्रत्येकाची प्रकृती भिन्न असल्याने अंतिम शब्द उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच असावा.

शस्त्रक्रिया नागपूर, इंदूर किंवा मुंबईत आणि वास्तव्य जबलपूरला, अशी परिस्थिती असेल तर रुग्णालयातून निघण्यापूर्वीच व्यायामाचे टप्पे लेखी घ्यावेत. तपासणीच्या तारखा आणि दूरध्वनीवर सल्ला कोणाकडून मिळेल हेही ठरवून घ्यावे. गावी परतल्यावर रुग्ण एकटा पडतो आणि चालणे बंद होते ते बहुधा याच काळात.

नर्मदेच्या काठाने

जबलपूर आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेचा काही काळ या शहराने पाहिला. पुढे १९५६ पर्यंत नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्याच प्रांतात जबलपूरचा समावेश होता. नोकरी, शिक्षण आणि वकिलीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्या मराठी भाविकांनाही हा परिसर परिचयाचा आहे.

चालणे हा शस्त्रक्रियेनंतरचा सर्वांत सोपा व्यायाम होय. तो रमणीय करण्यासाठी या शहरात नदी आहे. ग्वारीघाट व तिलवाराघाट येथे पहाटे आणि सायंकाळी माणसांची वर्दळ असते. ग्वारीघाटावरील सायंआरतीपूर्वी अर्धा तास आधी पोहोचून काठाने फिरल्यास चालण्याला निमित्त लाभते आणि 'व्यायाम करतो आहोत' ही जाणीवही पुसट होते. घाटाच्या ओल्या पायऱ्या निसरड्या असतात. वजन कमी होत असताना शरीराचा तोल बदलत असल्याने त्या जपून उतराव्यात. शहराच्या मध्यभागी राहणाऱ्यांसाठी भंवरताल उद्यान सोयीचे आहे. सपाट वाट, सावली आणि बसण्यासाठी बाकडी या तिन्ही गोष्टी पहिल्या महिन्यात फार उपयोगी पडतात.

चालण्याचा आनंद कसा घ्यावा, याचा धडा जबलपूरचेच चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) यांनी घालून दिला. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेल्या वेगड यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, नर्मदेच्या काठाने पदयात्रा सुरू केली. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर असून दोन्ही तीरांची परिक्रमा त्याच्या दुपटीची होते. वेगड यांनी ती एका दमात केली नाही. नोकरी सांभाळून, सवड मिळेल तशी, टप्प्याटप्प्याने ते चालत राहिले आणि वाटेत रेखाटने करीत गेले. याच यात्रांवरील गुजराती ग्रंथासाठी त्यांना २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

वेगड यांचा लठ्ठपणाशी किंवा शस्त्रक्रियेशी संबंध नव्हता. तथापि त्यांची पद्धत शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाला उपयोगी आहे. लांबचे अंतर तुकड्यांत वाटावे, प्रत्येक तुकड्याला आरंभ व शेवट असावा आणि पायांबरोबर डोळ्यांनाही काम मिळावे. रोज एकच फेरी मारण्याऐवजी या आठवड्यात ग्वारीघाट, पुढच्या आठवड्यात तिलवाराघाट असे केल्यास कंटाळा दूर राहतो. कोणी पक्ष्यांची नोंद ठेवावी, कोणी छायाचित्रे घ्यावीत.

सायकल, टेकडी आणि पायऱ्या

दोन-तीन महिन्यांनंतर थोडा दम लागणारे व्यायाम करता येतात. विमानतळाजवळील डुमना निसर्ग उद्यान एक हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरले असून त्यात खंदारी जलाशय आहे. झाडीतील रस्ते सायकलस्वारांना आणि पायी फिरणाऱ्यांना प्रिय आहेत. सायकल चालवताना शरीराचा बराच भार आसनावर येत असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांना हा व्यायाम मानवतो. या परिसरात चितळ, रानडुकरे आणि बिबट्याचाही वावर आहे. म्हणून उद्यानाच्या वेळा पाळाव्यात आणि सोबतीनेच जावे.

शहरालगतच्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर गोंडकालीन मदनमहाल किल्ला आहे. त्याची चढण लहान असली तरी दम लावणारी आहे. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवरील भेडाघाटला संगमरवरी खडक आणि धुवाँधार धबधबा पाहण्यासाठी देशभरातून पर्यटक येतात. तेथेच कलचुरी काळातील चौसष्ट योगिनी मंदिर असून वर जाण्यासाठी शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. तीन महिन्यांनी निम्म्या पायऱ्या, सहा महिन्यांनी सर्व पायऱ्या आणि वर्षाने न थांबता सर्व पायऱ्या, असे उद्दिष्ट किलोंच्या उद्दिष्टापेक्षा अधिक आनंद देते. वजन काही आठवडे एकाच आकड्यावर अडले तरी पायऱ्यांची संख्या वाढत राहू शकते.

पाण्यातील व्यायाम

पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि सांध्यांना आराम मिळतो. पोहता येत नसले तरी छातीइतक्या पाण्यात चालणे हा उत्तम व्यायाम आहे. वजन उतरल्यावर सैल पडलेल्या त्वचेचे घर्षणही पाण्यात जाणवत नाही. मात्र यासाठी देखरेख असलेला जलतरण तलावच निवडावा. नर्मदेच्या पात्रात डोह आणि ओढ आहे. वरच्या बाजूस असलेल्या बरगी धरणातून विसर्ग झाल्यास पाणी वाढते. घाटावरील स्नान आणि पोहण्याचा व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत.

झिम्मा, लेझीम आणि गरबा

व्यायामाला मैदान किंवा यंत्रेच हवीत असे नाही. मंगळागौरीच्या खेळांत झिम्मा, फेर, पिंगा असे अनेक प्रकार आहेत आणि त्यांत हात, पाय, कंबर व श्वास या सर्वांना काम मिळते. झिम्मा व फेर यांची गती कमी-अधिक करता येते. त्यामुळे डॉक्टरांच्या संमतीने ते लवकर सुरू करता येतात. जोरदार फुगडीसाठी मात्र तोल आणि गुडघ्यांची ताकद परत येईपर्यंत थांबावे. गणेशोत्सवातील लेझीम आणि नवरात्रातील गरबा यांचा सराव महिना-दीड महिना आधी सुरू होतो. तेवढा काळ व्यायामाची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही.

सामूहिक प्रकारांचा आणखी एक लाभ आहे. शस्त्रक्रियेनंतर पंगतीत पूर्वीसारखे जेवता येत नाही आणि सणासमारंभात माणूस बाजूला पडतो. खाण्याभोवती गुंफलेला सहवास काही अंशी खेळाभोवती गुंफता आला, तर ही पोकळी भरून निघते. विशेषतः घरकामातून स्वतःसाठी वेळ काढणे कठीण जाणाऱ्या स्त्रियांना मैत्रिणींचा ठरलेला गट मोठा आधार ठरतो.

ताकदीसाठी थोडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम तीव्रता समजावी. शस्त्रक्रियेनंतर या दोन दिवसांचे महत्त्व वाढते, कारण केवळ चालण्याने स्नायूंची झीज पुरेशी रोखली जात नाही.

खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, रबरी पट्टा ओढणे आणि अर्धा किलोच्या पाण्याच्या बाटल्या उचलणे एवढ्याने सुरुवात होते. हे व्यायाम काहींना नीरस वाटतात. त्यांनी ते आवडत्या गाण्यांच्या किंवा आकाशवाणीवरील कार्यक्रमाच्या वेळेला जोडावेत. सूर्यनमस्काराची सवय असलेल्यांनी परवानगीनंतर संथ गतीने आणि अल्प संख्येने आरंभ करावा.

ऊन, पाणी आणि आहार

जबलपूरला मे महिन्यात कमाल तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. लहान झालेल्या जठरात एका वेळी तांब्याभर पाणी मावत नाही. त्यामुळे तहान लागल्यावर पाणी पिऊन भरपाई करणे या रुग्णांना शक्य नसते. दिवसभर घोटघोट पाणी पीत राहणे, बाटली सोबत ठेवणे आणि उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास व्यायाम आटोपणे हाच उपाय आहे. पावसाळ्यात बाहेर पडणे अवघड झाल्यास घरातल्या घरात चालणे, नृत्य किंवा ताकदीचे व्यायाम करता येतात.

स्नायूंसाठी प्रथिने आवश्यक असतात. बहुतेक रुग्णांना दिवसाला सुमारे ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घेण्याचा सल्ला दिला जातो. शाकाहारी घरात दूध, दही, पनीर, डाळी, सोयाबीन आणि गरजेनुसार प्रथिनांची पूड यांतून ती मिळवावी लागतात. लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात. व्यायामाची इच्छा असूनही सतत थकवा वाटत असेल, तर त्याचे कारण आळस नसून रक्तक्षय असू शकतो. अशा वेळी रक्ततपासणी करून घ्यावी.

केव्हा थांबावे

छातीत दुखणे, धाप न थांबणे, चक्कर येणे, हृदयाची धडधड वाढणे, एका पायाला सूज व वेदना किंवा पोटात तीव्र दुखणे यांपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास व्यायाम थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांची मात्रा वजन उतरल्यावर कमी करावी लागते. जुनीच मात्रा चालू राहिल्यास व्यायामाच्या वेळी साखर किंवा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. बायपास झालेल्या काही व्यक्तींमध्ये जेवणानंतर एक ते तीन तासांनी साखर उतरते. घाम, थरथर आणि गोंधळ ही त्याची लक्षणे होत.

सांधे दुखले म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. विशेषतः बायपासनंतर त्यांमुळे व्रण होण्याचा धोका असतो.

गोडी टिकवताना

आवडीचा व्यायाम पहिल्याच प्रयत्नात सापडेल असे नाही. एक प्रकार तीन-चार आठवडे करून पाहावा, नाही रुचला तर अपराधीपणा न बाळगता दुसरा निवडावा. व्यायामानंतर मन प्रसन्न झाले की खट्टू, याची एका शब्दात नोंद ठेवल्यास काही आठवड्यांत निवड आपोआप स्पष्ट होते. वर्षभरासाठी एकच प्रकार ठरवण्याऐवजी उन्हाळ्यात पोहणे, पावसाळ्यात घरातील नृत्य, हिवाळ्यात सायकल व टेकडी असे ऋतूंनुसार वाटप करता येते.

आजारपण, लग्नसराई किंवा प्रवास यांमुळे खंड पडणे स्वाभाविक आहे. अशा वेळी पूर्वीच्या मिनिटांवर एकदम परतण्याचा हट्ट न धरता निम्म्यापासून पुन्हा प्रारंभ करावा. घरच्यांनीही 'आज किती किलो कमी झाले' असे विचारण्याऐवजी 'आज कोठे जाऊन आलात' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही महिन्यांनी बदलेनासे होते, दुसऱ्याचे मात्र रोज नवे देता येते.